घरगुती वायुनलिकांचे नूतनीकरण : शिशाच्या नळापासून भिवंडीच्या स्वयंपाकघरापर्यंत

प्रस्तावना :

घरगुती गॅसचा विषय निघाला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे शेगडी आणि सिलिंडर या दोनच वस्तू उभ्या राहतात. या दोहोंना जोडणारी नळी सहसा विचारात घेतली जात नाही. ती ओट्याखाली, कपाटामागे किंवा भिंतीच्या कडेने गेलेली असते. एकदा बसविल्यानंतर ती कायमचीच आहे, असे गृहीत धरले जाते. परंतु वायू वाहून नेणाऱ्या कोणत्याही नलिकेला आयुष्य असते आणि ते संपल्याची सूचना बहुधा डोळ्यांना दिसत नाही.

भिवंडी शहराच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. ठाणे जिल्ह्यातील हे शहर देशातील यंत्रमाग उद्योगाचे एक प्रमुख केंद्र आहे. अनेक वस्त्यांत माग आणि बिऱ्हाडे एकमेकांना लागून आहेत. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि सामानसुमान ठेवणे, त्यावर पोटमाळा, आणि भिंतीपलीकडे दुसरे कुटुंब, असे चित्र सर्रास दिसते. या शहरात घरगुती इंधन म्हणून सिलिंडरमधील द्रवीकृत पेट्रोलियम वायू रुळला आहे. त्याचबरोबर भिवंडीचा समावेश नळाद्वारे नैसर्गिक वायू पुरविणाऱ्या महानगर गॅस लिमिटेडच्या वितरणक्षेत्रातही आहे. म्हणजे घरोघरी एका वायूकडून दुसऱ्या वायूकडे जाण्याचा हा काळ आहे. अशा वेळी प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न उभा राहतो : जुन्या साहित्यापैकी काय ठेवावे आणि काय काढून टाकावे?

हा प्रश्न जगात प्रथमच उद्भवलेला नाही. ब्रिटनमधील घरांत दीर्घकाळ शिशाच्या नळांतून गॅस खेळविला जात असे आणि पुढे ते नळ बदलावे लागले. तो अनुभव समजून घेतल्यास भिवंडीतील गृहस्थासही मार्गदर्शन होते. वायू बदलतो तेव्हा नलिकेचाही पुनर्विचार करावा लागतो, आणि जुनी नलिका तुकड्यातुकड्याने न सांधता ती पूर्णपणे बदलून, दाबाखाली तपासूनच वापरात आणावी लागते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१) शिशाची निवड का झाली?

दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून मिळणाऱ्या वायूने घर उजळण्याचा प्रयोग विल्यम मर्डॉक यांनी १७९२ साली इंग्लंडमधील रेडरुथ येथे केला. १८१२ साली लंडनमध्ये 'गॅस लाइट अँड कोक कंपनी' स्थापन झाली. त्यानंतर रस्त्याखालून ओतीव लोखंडाचे मोठे नळ आणि घरात लहान व्यासाच्या शाखा अशी रचना रूढ होत गेली. घरातील शाखांसाठी लोखंडी नळांबरोबरच शिशाचे नळ वापरले जात. शिसे, कथील व अँटिमनी यांच्या मिश्रणाचा 'कॉम्पो' नावाचा नळही प्रचारात होता.

शिशाच्या निवडीमागे ठोस कारणे होती. शिसे मऊ असते. नळ हाताने वाकविता येतो, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर स्वतंत्र जोड बसवावा लागत नाही. त्याचा द्रवणांक सुमारे ३२७ अंश सेल्सिअस इतका कमी असल्याने त्यास डाख लावणे सोपे जाते. साध्या हवेत त्यावर करड्या रंगाचा थर बसतो आणि हा थर आतील धातूचे रक्षण करतो. शिवाय कोळसावायूत हायड्रोजन सल्फाइडचा अंश राहण्याचा संभव असे आणि त्यामुळे तांब्याचे नळ खराब होत. शिशास तो त्रास तितका होत नसे. नळकाम करणाऱ्यास इंग्रजीत 'प्लंबर' म्हणतात. हा शब्द शिशाच्या 'प्लंबम' या लॅटिन नावावरून आलेला आहे. या धातूचे आणि या व्यवसायाचे नाते किती जुने आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

२) गुण तेच दोष

ज्या मऊपणासाठी शिसे निवडले गेले, तोच मऊपणा पुढे त्याचा मुख्य दोष ठरला. शिशाची घनता पाण्याच्या अकरापटीहून अधिक आहे. असा जड आणि मऊ नळ दोन आधारांमध्ये स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली झोळ धरतो. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते आणि रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कोळसावायू ओलसर असल्याने अशा झोळात पाणी साचत असे आणि दिव्याची ज्योत फडफडत असे. नळ ताणला जाऊन त्याची भिंत पातळ होणे हा त्यापुढील टप्पा होय.

दुसरा दोष इजा होण्याचा. लाकडी तक्तपोशीत खिळा ठोकताना तो खालून गेलेल्या शिशाच्या नळात सहज शिरतो. उंदीर शिशाचा नळ कुरतडू शकतात. लोखंडी नळाच्या बाबतीत हे दोन्ही धोके जवळजवळ नसतात.

तिसरा दोष भिंतीतील संयुगांचा. हवेत टिकाऊ ठरणारे शिसे ओल्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या सान्निध्यात झिजते, कारण ही द्रव्ये अल्कधर्मी असतात. त्यामुळे गिलाव्यात उघडाच गाडलेला शिशाचा नळ बाहेरून सुस्थितीत दिसला, तरी आत खाल्ला गेलेला असू शकतो.

चौथा दोष सर्वांत गंभीर आहे आणि तो आगीच्या वेळी प्रकट होतो. साध्या घरगुती आगीतही तापमान शिशाच्या द्रवणांकापलीकडे सहज जाते. डाखाचे जोड तर त्याहूनही आधी सुटतात. नळ वितळला की गॅस मोकळा होतो आणि आगीस इंधन मिळते. तांब्याचा द्रवणांक सुमारे १०८५ अंश आहे आणि पोलादाचा त्याहूनही बराच अधिक. जो नळ गॅस घरात आणतो, तो आगीत किमान काही काळ टिकून राहिला पाहिजे, ही अपेक्षा शिसे पूर्ण करू शकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. शिशाच्या नळातून पाणी आले तर शिसे पाण्यात उतरून पोटात जाते, म्हणून पाण्याचे शिशाचे नळ आरोग्यास अपायकारक मानले जातात. गॅसच्या नळाच्या बाबतीत मुख्य धोका विषबाधेचा नसून गळती, स्फोट आणि आग यांचा आहे. विषबाधेचा प्रश्न येतो तो नळ काढताना. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३) वायू बदलला की नलिकेचा पुनर्विचार

उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यानंतर ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत आपली सव्वा कोटीहून अधिक गॅसग्राहक घरे कोळसावायूवरून नैसर्गिक वायूवर आणली. प्रत्येक घरातील प्रत्येक बर्नर बदलावा अथवा सुधारावा लागला. यामागील शास्त्र सोपे आहे. कोळसावायूच्या एका घनमीटरमधून सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता मिळत असे, तर नैसर्गिक वायूपासून सुमारे ३८ मेगाज्यूल मिळते. ज्वलनास लागणारी हवाही त्या प्रमाणात अधिक लागते. म्हणून बर्नरच्या जेटचे छिद्र, हवेचे प्रमाण आणि दाब या तिन्ही गोष्टी नव्याने ठरवाव्या लागतात.

या स्थित्यंतरात एक अनपेक्षित अडचण पुढे आली. रस्त्याखालच्या ओतीव लोखंडी नळांचे जोड तागाची दोरी ठासून आणि वर शिसे ओतून बंद केलेले असत. ओलसर कोळसावायूमुळे ही दोरी फुगलेली राहत असे आणि जोड घट्ट राहत असे. नैसर्गिक वायू कोरडा असतो. त्याने दोरी सुकली आणि वर्षानुवर्षे न गळणारे जोड गळू लागले. नळ तोच, जोड तोच, तरी केवळ आतील वायू बदलल्याने व्यवस्था असुरक्षित झाली. 'इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार?' या नेहमीच्या युक्तिवादातील उणीव या उदाहरणातून स्पष्ट होते.

लहानशा जोडाचे महत्त्व दाखविणारी दुसरी घटना लंडनच्या पूर्व भागातील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीची आहे. १६ मे १९६८ रोजी पहाटे १८ व्या मजल्यावरील एका घरात गॅसचा स्फोट झाला. भार पेलणाऱ्या भिंतीचे तयार पडदे बाहेर फेकले गेले आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. त्यात चार जणांचा मृत्यू झाला. चौकशीत गळतीचे मूळ शेगडीला जोडणाऱ्या नळीवरील एका सदोष पितळी नटपर्यंत पोहोचले. एका घरातील एक नट हा केवळ त्या घराचा खासगी प्रश्न राहत नाही, हा या घटनेचा बोध होय.

४) मुंबई ते भिवंडी : इंधनाचा प्रवास

भारतात कोलकाता येथे १८५७ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि मुंबईत १८६५ साली. मुंबईत बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना लालबाग-परळ भागात होता. कोळसावायूचे हे जाळे मुंबई शहरापुरते होते. भिवंडीसारख्या गावांत चूल, कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह हीच साधने राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिंडर आले. इंडियन ऑइलची 'इंडेन' ही सेवा १९६५ साली सुरू झाली. १९७४ साली मुंबई हाय क्षेत्राचा शोध लागला आणि नैसर्गिक वायू किनाऱ्यावर आणण्याचा मार्ग खुला झाला. १९९५ साली महानगर गॅस लिमिटेडची स्थापना झाली व नळाद्वारे घरोघरी नैसर्गिक वायू देण्याचे काम हाती घेण्यात आले.

म्हणजे भिवंडीने कोळसावायूचा आणि शिशाच्या नळाचा टप्पा पाहिलाच नाही. मग शिशाच्या कथेचा या शहराशी संबंध कोणता? तो असा की, शिशाचे जे गुणदोष वर सांगितले, तेच सिलिंडरच्या रबरी नळीत जसेच्या तसे आढळतात. ती मऊ असते, हवी तशी वाकते, स्वस्त असते आणि कोणीही बसवू शकतो. म्हणूनच ती घरोघरी पोहोचली. परंतु ती उष्णतेने कडक होते, तिला भेगा पडतात, उंदीर ती कुरतडतात आणि आगीत ती सर्वांत आधी जाते. भिवंडीच्या घरातील रबरी नळी हा आपल्या काळातील शिशाचा नळच होय.

शहराची काही वैशिष्ट्ये या धोक्यात भर घालतात. यंत्रमागाच्या अखंड धक्क्यांमुळे इमारतीत कंपने उत्पन्न होतात आणि आट्यांचे जोड सैल होण्याचा संभव राहतो. कापसाचे तूस हवेत उडत असते. ते बर्नरच्या हवेच्या छिद्रांत बसले तर ज्योत पिवळी व काजळीयुक्त होते. त्याच तुसाने ठिणगीपासून आग पसरण्यासही मदत होते. याशिवाय इमारतींची अवस्था हा स्वतंत्र प्रश्न आहे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळून ३५ हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती दुर्घटना गॅसमुळे घडलेली नव्हती. तथापि ज्या शहरात इमारतींच्या मजबुतीविषयीच शंका असते, तेथे एखाद्या खोलीतील लहानशा स्फोटाचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, हे रोनन पॉइंटच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

५) दोन वायू, दोन स्वभाव

सिलिंडरमधील वायू मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचा असतो. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, जिन्यावरून खालच्या मजल्याकडे वाहतो. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेनचा असतो आणि हवेपेक्षा हलका असतो. तो वर चढतो व छताखाली साचतो. पोटमाळा असलेल्या खोलीत हा फरक महत्त्वाचा आहे. सिलिंडरच्या घरात जमिनीलगत वायुवीजन हवे, तर नळाच्या गॅसच्या घरात छताजवळ. इंधन बदलले आणि वरची खिडकी किंवा झरोका पूर्वीसारखाच बंद राहिला, तर बदल अपुरा ठरतो.

दोन्ही वायू मूळचे गंधहीन असतात. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन वर्गातील उग्र वासाचे द्रव्य मिसळले जाते. सिलिंडरच्या वायूचे हवेतील प्रमाण सुमारे १.८ टक्के झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. नैसर्गिक वायूच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे ५ टक्के आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीचे घनफळ सुमारे २८ घनमीटर होते. त्यात सारखा पसरल्यास सिलिंडरचा साधारण सव्वा किलो वायूही मिश्रण ज्वलनशील होण्यास पुरेसा ठरतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. शिवाय हा वायू सारखा न पसरता खालीच साचत असल्याने, जमिनीलगत धोका त्याहूनही पुष्कळ कमी गळतीत उत्पन्न होतो.

शेगडीच्या जेटविषयीही असेच आहे. सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने वायू सोडतो, तर नळाचा गॅस घरात सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो. नैसर्गिक वायूत घनमीटरमागे उष्णता कमी असल्याने त्यासाठी जेटचे छिद्र मोठे लागते. म्हणून जोडणी देताना जेट बदलले जातात. पुढे काही कारणाने त्याच शेगडीस पुन्हा सिलिंडर जोडल्यास मोठ्या छिद्रातून अधिक शक्तीचा वायू बाहेर पडतो. ज्योत अवास्तव मोठी होते, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. एकच शेगडी दोन्ही इंधनांवर आलटून पालटून वापरणे म्हणूनच सर्वथा अयोग्य होय.

६) जुनी नलिका बदलण्याची रीत

नलिका बदलण्याचे काम अधिकृत फिटरनेच करावयाचे असते. नळाच्या गॅसच्या बाबतीत मीटर व नळ यांत ग्राहकाने परस्पर फेरफार करावयाचा नसतो. तरीही कामाचा क्रम ग्राहकास ठाऊक असला, तर काम नीट झाले की नाही हे त्यास पाहता येते. हा क्रम शिशाच्या, लोखंडी वा इतर कोणत्याही जुन्या नलिकेस सारखाच लागू पडतो.

(अ) पाहणी : नळ कोठून येतो, कोठे जातो आणि कोठे दिसेनासा होतो, हे आधी शोधावे. शिशाचा नळ ओळखणे सोपे आहे. तो मळकट करडा असतो, नाण्याने खरवडल्यास आत चांदीसारखा चकाकतो, चुंबकास चिकटत नाही आणि त्याचे जोड फुगीर दिसतात.

(आ) पुरवठा बंद करणे : मुख्य व्हॉल्व्ह बंद करून खिडक्या-दारे उघडावीत. विजेची बटणे चालू किंवा बंद करू नयेत, कारण दोन्ही क्रियांत ठिणगी पडू शकते. धातूचा नळ कापण्यापूर्वी कापावयाच्या जागेच्या दोन्ही बाजू जाड तारेने जोडून घेण्याची पद्धत आहे. घरातील विजेच्या दोषामुळे नळातून प्रवाह वाहत असेल, तर कापताना ठिणगी पडू नये यासाठी ही दक्षता असते.

(इ) जुना नळ काढणे : शक्य तितका सर्व नळ काढून टाकावा. भिंतीत राहणारा भाग पुरवठ्यापासून तोडून दोन्ही टोकांनी बंद करावा. जुन्या नळास नवा नळ सांधून काम भागविणे ही सर्वांत मोठी चूक होय. नव्या भागामुळे निर्धास्तपणा येतो आणि जुना भाग तसाच झिजत राहतो.

(ई) व्यासाची निवड : नळ अरुंद असेल तर लांबच्या शेगडीपर्यंत दाब पुरत नाही. कमी दाबाच्या वायूसाठी वहनक्षमता व्यासाच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात बदलते, असे स्थूलमानाने म्हणता येते. व्यास दुप्पट केल्यास दाबातील तेवढ्याच घटीत साडेपाच पटींहून अधिक वायू जाऊ शकतो. उलट, व्यासात केलेली थोडीशी काटकसर महागात पडते.

(उ) मांडणी : नळ भिंतीतून जातो तेथे त्याभोवती मोठ्या व्यासाची बाही असावी, म्हणजे भिंत खचली तरी नळावर भार येत नाही आणि सिमेंटचा धातूशी संपर्क राहत नाही. ठरावीक अंतरावर पकडी असाव्यात. विजेच्या तारांपासून नळ दूर ठेवावा. आजच्या कामात जस्तलेपित लोखंडी किंवा तांब्याचे नळ वापरले जातात. शेगडीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात पोलादी तारेचे अस्तर असलेली रबरी नळी जोडतात.

(ऊ) दाबाची तपासणी : नवी नलिका दोन्ही टोकांनी बंद करून तीत हवा भरतात आणि इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या काचनळीतील पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवतात. १ मिलिबार म्हणजे सुमारे १० मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. ब्रिटनमधील पद्धतीनुसार साधारण २० मिलिबार दाब देऊन तो स्थिर होऊ देतात व नंतर दोन मिनिटे पाहतात. नव्या नलिकेत पातळी जराही उतरता कामा नये. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे ही पूरक चाचणी होय. काडी पेटवून गळती शोधणे हा केवळ अविचार आहे.

(ए) हवा काढणे व पेटविणे : नलिकेतील हवा नियंत्रित रीतीने बाहेर काढून, प्रत्येक बर्नरची ज्योत निळी व स्थिर असल्याची खात्री झाल्यावरच काम पूर्ण झाले असे समजावे.

सिलिंडर वापरणाऱ्या कुटुंबासाठी हाच क्रम सोप्या रूपात सांगता येतो. भारतीय मानक ब्यूरोची खूण असलेली, तारेचे अस्तर असलेली 'सुरक्षा' नळीच वापरावी व ती पाच वर्षांनी न चुकता बदलावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी आणि तिला मध्येच जोड नसावा. ती भिंतीतून किंवा कपाटातून ओवू नये. तिच्यावर कापड अथवा आवरण घालू नये, कारण भेग झाकली जाते. सिलिंडर उभा ठेवावा आणि शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी. गळतीची शंका आल्यास १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

७) काढलेल्या शिशाचे काय?

जुन्या वास्तूत गॅसचा वा पाण्याचा शिशाचा नळ निघाला, तर तो भंगारात जातो. शिसे मेंदूस व मज्जासंस्थेस अपाय करते आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. भारताने २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद केले. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१७ पासून अमलात आले. या दृष्टीने नळ करवतीने कापून भुकटी उडविणे, घरात किंवा अंगणात तो वितळविणे, त्याच हातांनी खाणेपिणे या गोष्टी कटाक्षाने टाळल्या पाहिजेत. तुकडे ओल्या फडक्याने पुसून, बंद पिशवीत ठेवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत.

८) जबाबदारीचा प्रश्न

तांत्रिक माहिती उपलब्ध असूनही जुन्या नलिका का बदलल्या जात नाहीत? याचे एक महत्त्वाचे कारण मालकीच्या रचनेत आहे. भिवंडीतील असंख्य कामगार कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहतात. खोली मालकाची, सिलिंडर भाडेकरूचा आणि भिंत दोन बिऱ्हाडांची. वर्षभरात खोली बदलावी लागेल या जाणिवेने भाडेकरू खर्च टाळतो आणि शेगडीशी आपला संबंध नाही असे मालक मानतो. नळाचा गॅस घ्यावयाचा तर इमारतीची संमती, कागदपत्रे आणि भिंतीची स्थिती हे प्रश्न उभे राहतात. परिणामी सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या वाट्यास सर्वांत जुनी नळी येते.

वास्तविक, एक नवी नळी बसविण्याचा खर्च आणि तिच्या अभावी संभवणारी हानी यांची तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय हानी एका कुटुंबापुरती राहत नाही. म्हणून या कामाकडे खासगी दुरुस्ती म्हणून न पाहता जिना, छत व सांडपाण्याची नळी यांप्रमाणे इमारतीची सामायिक जबाबदारी म्हणून पाहणे आवश्यक आहे. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका, गॅस वितरक, खोलीमालक आणि स्थानिक महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी यांना वस्तीपातळीवर नळी-तपासणीचा कार्यक्रम एकत्रितपणे राबविता येईल. नळीवरील निर्मितीचे वर्ष वाचणे, भेगा पाहणे आणि साबणाच्या पाण्याची चाचणी करून दाखविणे, एवढ्या साध्या गोष्टींतूनही पुष्कळ कार्य साधता येईल.

समारोप :

शिशाच्या नळाचा इतिहास हा चुकीच्या निवडीचा इतिहास नाही. ज्या काळी तो निवडला गेला, त्या काळी तो सोयीचा आणि उपयुक्त होता. चूक झाली ती तो कायमचा मानण्यात. वायू बदलला, दाब बदलला, घरांची रचना बदलली आणि नळ मात्र तसाच राहिला. भिवंडीच्या स्वयंपाकघरातील रबरी नळी आज त्याच वळणावर आहे. सिलिंडर असो वा नळाचा गॅस, नलिकेचे आयुष्य मोजणे, ते संपताच ती संपूर्ण बदलणे, दाबाखाली तपासणे आणि वायूच्या स्वभावानुसार खोलीस वाट करून देणे या चार गोष्टी अपरिहार्य आहेत. मागावर बसणारा कामगार धाग्यातील एक तुटका तार लगेच ओळखतो व माग थांबवून तो सांधतो, कारण तुटक्या तारेने पुढचे सारे कापड बिघडते हे त्यास ठाऊक असते. गॅसच्या नळीकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. मात्र धागा सांधता येतो. जुनी नळी सांधावयाची नसते, ती बदलावयाची असते.